वेचणीचे साधन

कापसाच्या एका बोंडातून साधारणतः चार ग्रॅम कापूस निघतो. म्हणजे एक किलो कापूस वेचण्यासाठी मजूर स्त्रीला सुमारे अडीचशे बोंडांपर्यंत हात न्यावा लागतो. विदर्भात वेचणीची मजुरी बहुधा किलोवर ठरते. म्हणून वेचणीच्या साधनाचा प्रश्न हा तिच्या मिळकतीचाही प्रश्न होय.

अमेरिकेत जॉन रस्ट व त्याचा भाऊ मॅक यांनी 1930 च्या दशकात वेचणीयंत्र तयार केले. त्यातील ओलसर, फिरत्या चात्यांभोवती कापूस गुंडाळला जाई. परंतु यंत्राने वेचणी करावयाची, तर बोंडे एकाच सुमारास फुटावी लागतात आणि पानेही औषध फवारून आधी गाळावी लागतात. आपली पऱ्हाटी पसरून वाढते, बोंडे टप्प्याटप्प्याने फुटतात आणि तीन-चार वेळा वेचणी करावी लागते. पहिल्याच वेचणीला पाने गाळली, तर मागाहून पिकणाऱ्या बोंडांचे पोषण कसे व्हावे?

असा अनुभव या देशाला पूर्वीही आला आहे. ईस्ट इंडिया कंपनीने 1840 मध्ये अमेरिकन मळेवाल्यांना येथे आणले. त्यांच्याबरोबर सरकी काढण्याची करवती यंत्रे आली. पण आखूड धाग्याचा देशी कापूस त्यांत तुटू लागला. यंत्र वाईट नव्हते. ते वेगळ्या कापसासाठी घडविलेले होते.

अलीकडे बॅटरीवर चालणारी, हातात धरावयाची यंत्रे निघाली आहेत. त्यांतही एक अडचण आहे. वेचणारी स्त्री दोन्ही हातांनी वेचते. यंत्र धरले की एक हात अडकतो आणि प्रत्येक बोंडापर्यंत जाणे काही चुकत नाही. शिवाय कापसात सुक्या पानांचा चुरा मिसळला, तर त्याचा भाव उतरतो.

तेव्हा स्वस्त साधनाचा आरंभ साधेपणातूनच करणे योग्य ठरेल. खांद्यांवर भार घेणारी, दोन कप्प्यांची सुती झोळी घ्यावी. एका कप्प्यात स्वच्छ कापूस, दुसऱ्यात कवडी. दव ओसरल्यावर, खालच्या बोंडांपासून वर वेचत जावे, म्हणजे कचरा उमललेल्या बोंडांवर पडत नाही. यंत्र पुढे येईलच. परंतु ते हलके असावे, गावात दुरुस्त होणारे असावे, आणि त्याने वाचविलेल्या श्रमांचा वाटा वेचणारीलाही मिळावा.