३१ मार्चला टॅलीत नवी कंपनी उघडू नका, आधी हे चार आकडे जुळवा



मार्च संपत आला की एक प्रश्न हमखास येतो: "सर, नवीन वर्षासाठी टॅली प्राइममध्ये नवी कंपनी तयार करायची का?" गरज नाही. ऑल्ट आणि एफ२ दाबून पिरियड बदला. बँक, रोकड, उधारी आणि मालाची शिल्लक आपोआप पुढे येते. नवी कंपनी उघडली की हेच आकडे हाताने टाकावे लागतात आणि तिथेच गोंधळ होतो.

पण सॉफ्टवेअर चुकीचा आकडाही तितक्याच इमानदारीने पुढे नेतं. म्हणून ३१ मार्चला चार गोष्टी प्रत्यक्षाशी जुळवा.

१. रोकड: गल्ला मोजा आणि कॅश लेजरशी ताडून पाहा. वर्षात एखाद्या दिवशी रोकड उणे दिसते का, तेही तपासा. गल्ल्यात उणे पैसे असूच शकत नाहीत! बहुतेक वेळा बँकेतून काढलेले किंवा स्वतःच्या खिशातून घातलेले पैसे नोंदवायचे राहिलेले असतात. खरी नोंद शोधा, आकडा जुळवायला खोटी एन्ट्री टाकू नका.

२. बँक: स्टेटमेंट घेऊन बँक रिकन्सिलिएशन करा. २९ मार्चला दिलेला चेक एप्रिलमध्ये वटला, तर तेवढा फरक दिसणारच; ती चूक नाही. मात्र बँक चार्जेस आणि व्याज यांच्या नोंदी राहून जातात, त्या टाका.

३. उधारी: ज्यांच्याकडून येणं आहे आणि ज्यांना देणं आहे, त्यांना लेजर पाठवून "बरोबर आहे" असं लेखी उत्तर घ्या. व्हॉट्सॲपवर आलं तरी जपून ठेवा.

४. माल: दुकानातला, गोडाऊनमधला माल स्वतः मोजा. किंमत लावताना खरेदी किंमत किंवा बाजारभाव, यांपैकी कमी असेल ती धरा.

मालाचं इतकं महत्त्व का? समजा, धंद्याचं पहिलंच वर्ष आहे. विक्री १२ लाख, खरेदी १० लाख, खर्च दीड लाख. शिल्लक माल धरलाच नाही तर नफा दिसतो ५० हजार. प्रत्यक्षात १ लाख ८० हजारांचा माल पडून असेल, तर खरा नफा २ लाख ३० हजार! उद्या कर्जासाठी बँकेत गेलात, तर साहेब हाच नफा बघणार. आणि माल फुगवून लिहिलात, तर न झालेल्या नफ्यावर कर भराल.

आता उरली दोन कामं. १ एप्रिलपासून बिल नंबर नव्याने सुरू करायचे असतील, तर सेल्स व्हाउचर टाइपमध्ये रीस्टार्ट नंबरिंग लावा. जीएसटी नियमाप्रमाणे एका आर्थिक वर्षात एकच बिल नंबर दोनदा येता कामा नये.

दुसरं, बॅकअप. एक पेनड्राइव्हवर, एक दुकानाबाहेर. तो वेगळ्या फोल्डरमध्ये रीस्टोअर करून उघडतो का, हेही बघा. जीएसटीचे हिशेब त्या वर्षाच्या वार्षिक रिटर्नच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने सांभाळायचे असतात. तेवढ्यात कॉम्प्युटर एकदा तरी बदलतोच.

हे चार आकडे जुळले, की सीएंकडे जाताना पिशवीभर कागद नेऊन "तुम्हीच बघा" म्हणायची वेळ येणार नाही. चला तर मग, आज गल्ल्यापासून सुरुवात करा!