जपानी माणसाचं मत कसं शोधावं?

सर्व्हे म्हटलं की आपल्याला थिओडोलाइट आठवतो, नाहीतर सबमिशनच्या आदल्या रात्री 'जमवलेली' रीडिंग्ज. मला मात्र हल्ली वेगळ्याच सर्व्हेंचा नाद लागलाय, तो म्हणजे जपानमधल्या जनमत चाचण्यांचा. जपानीत त्यांना 'योरोन चोसा' म्हणतात. सरकार, वर्तमानपत्रं, एनएचके ही प्रसारण संस्था असे सगळेच त्या घेतात.

आता हे सापडतं कुठे? जपानच्या मंत्रिमंडळ कार्यालयाच्या साइटवर सरकारी चाचण्या आहेत, पण बराचसा मजकूर जपानीत. इंग्रजीतून शोधायचं तर अमेरिकेतलं रोपर सेंटर. १९४७ साली सुरू झालेली ही संस्था २०१५ पासून कॉर्नेल विद्यापीठात आहे. तिनं जपानी चाचण्यांमधले प्रश्न इंग्रजीत आणून 'जेपोल' नावाचा डेटाबेस तयार केला.

इथली गंमत अशी की अशा डेटाबेसमध्ये लेख नसतात, एकेक सुटा प्रश्न असतो. त्यामुळे गूगलसारखं लांबलचक वाक्य टाकून उपयोग नाही. एक-दोन शब्द टाका, मग वर्षांची मर्यादा घाला. शिवाय मजकूर भाषांतरित असतो, म्हणून समानार्थी शब्दही टाकून बघा. 'डेथ पेनल्टी' टाकलंत तर 'कॅपिटल पनिशमेंट'ही टाका.

आकडा मिळाला की लगेच कॉपी-पेस्ट? थांबा! उदाहरण फाशीचंच घेऊ. २०१४ च्या सरकारी चाचणीत ८०.३ टक्के लोक फाशीच्या बाजूनं होते, विरोधात ९.७ टक्के. सेमिनारच्या स्लाइडवर लगेच येणार, '८० टक्के जपानी लोकांना फाशी हवी'. पण मूळ पर्याय 'हवी' असा नव्हताच. जपानी शब्दांचा अर्थ आपल्या 'नाइलाज आहे'च्या जवळचा आहे. शिवाय या लोकांना पुढे विचारलं, की परिस्थिती बदलली तर भविष्यात फाशी रद्द केली तरी चालेल का? त्यातले ४०.५ टक्के 'चालेल' म्हणाले आणि ५७.५ टक्के 'नाही'. गुणाकार करून बघा. भविष्यातही रद्द नकोच म्हणणारे एकूण लोकांच्या साधारण ४६ टक्केच भरतात. ८० आणि ४६ यांत किती फरक आहे! आणि जपान सरकार फाशी कायम ठेवण्याचं समर्थन करताना याच जनमताकडे बोट दाखवत आलंय. म्हणजे हा नुसता आकड्यांचा खेळ नाही, माणसांच्या जिवाचा प्रश्न आहे.

दुसरी गोष्ट, प्रश्नाची शब्दरचना. २००९ साली फाशीच्या बाजूनं ८५.६ आणि विरोधात ५.७ टक्के लोक होते. पण तेव्हा विरोधाचा पर्याय होता, 'कोणत्याही परिस्थितीत' फाशी रद्द करावी. २०१४ मध्ये 'कोणत्याही परिस्थितीत' हे शब्द काढले आणि दुसऱ्या पर्यायातले 'काही प्रसंगी'ही काढले. मग विरोध वाढला तो मत बदलल्यामुळे की पर्याय सौम्य झाल्यामुळे? नुसत्या टक्केवारीवरून सांगता येत नाही.

तिसरी गोष्ट, पद्धत. २०१९ च्या चाचणीत माणसं घरोघर जाऊन प्रश्न विचारत होती. तेव्हा बाजूनं ८०.८, विरोधात ९ टक्के. २०२४ ची चाचणी टपालानं झाली. बाजूनं ८३.१, विरोधात १६.५. अरेच्चा, दोन्ही वाढले? बेरीज केली की कोडं सुटतं. २०१९ मध्ये १०.२ टक्के लोक कुठल्याच बाजूला नव्हते, २०२४ मध्ये असे उरले फक्त ०.४ टक्के. त्यात सप्टेंबर २०२४ मध्ये इवाओ हाकामादा निर्दोष सुटले होते. १९६८ साली फाशीची शिक्षा झालेला हा माणूस! म्हणजे घटनाही घडली आणि मोजायचं यंत्रही बदललं. एका वेळी एकच व्हेरिएबल बदलायचं, हे आपण लॅबमध्ये पहिल्याच वर्षी शिकतो.

राहिला सॅम्पल. २०१४ मध्ये १,८२६ लोकांनी उत्तरं दिली. 'एक भागिले वर्गमूळ एन' हा ढोबळ नियम लावला तर चूक साधारण अधिक-उणे २.३ टक्के येते. म्हणजे २०१४ चे ८०.३ आणि २०१९ चे ८०.८ यांत 'वाढ' शोधणं म्हणजे फूटपट्टीनं मायक्रॉन मोजणं.

तर मित्रहो, डेटाबेसमधून आकडा उचलताना पाच गोष्टी सोबत लिहून घ्या: कोणी विचारलं, कधी विचारलं, नेमके शब्द काय होते, किती जणांनी उत्तर दिलं आणि कसं विचारलं. दोन वर्षांची तुलना करायची तर आधी दोन्ही वर्षांचे प्रश्न शेजारी-शेजारी ठेवून वाचा. हॉस्टेलवर मेसचा फॉर्म भरून घेतानाही हेच लागू. 'मेसचं जेवण आवडतं का?' आणि 'मेसचं जेवण चालवून घेता का?' या दोन प्रश्नांना एकाच पंगतीतून दोन वेगळे आकडे येतील. आणि दर वाढवायचे की नाही, हे त्यातल्याच एका आकड्यावरून ठरेल!