हृदयरोगी रुग्णालयांत परत कां येतो?

शिरूर किंवा दौंड तालुक्यांतील हृदयरोगी अँजिओप्लास्टीसाठीं बहुधा पुण्यास जातो. कोणी नगर रस्त्यानें, कोणी दौंडच्या आगगाडीनें. थोड्याच दिवसांत तो घरीं येतो आणि घरच्यांस वाटतें, संकट टळलें. पण कांहीं जणांस महिन्याभरांतच पुन्हां तीच वाट धरावी लागते. असें कां व्हावें?

1977 सालीं आंद्रेआस ग्रुंट्झिग या डॉक्टरानें झूरिक येथें हृदयाची अरुंद झालेली रोहिणी बारीक फुग्यानें प्रथम रुंद केली. ती पुन्हां आखडूं नये म्हणून पुढें तींत धातूची जाळी, म्हणजे स्टेंट, बसवूं लागले. यानें अडथळा जातो, रोग जात नाहीं. खडकवासल्याच्या कालव्यावर ऊस पिकविणाऱ्या दौंडच्या शेतकऱ्यास हें सांगावयास नको. एके ठिकाणचा गाळ उपसल्यानें सारी चारी स्वच्छ होत नसते. मधुमेह, रक्तदाब आणि तंबाखू शेजारच्या रोहिणीलाही सोडीत नाहींत.

सर्वांत घातक कारण मात्र निराळें आहे. नवी जाळी रक्तास परकी असते. तिजवर शरीराचें अस्तर चढेपर्यंत तेथें गुठळी होण्याचें भय असतें, म्हणून अ‍ॅस्पिरिन आणि तिच्या जोडीला क्लोपिडोग्रेलसारखी दुसरी गोळी देतात. हृदयविकाराचा झटका येऊन गेला असेल तर ही जोडी बहुधा वर्षभर घ्यावी लागते. छातींत दुखत नाहीं, पाकीट संपलें, दांत काढावयाचा आहे, अशा निमित्तानें रुग्ण ती आपल्याच मतानें थांबवितो आणि जाळी एकाएकीं बंद पडते. उलट याच गोळ्यांनीं पोटांत रक्तस्राव होऊं शकतो. शौचास डांबरासारखें काळें झाल्यास त्याच दिवशीं डॉक्टर गांठावा.

ज्यांचें हृदय दुबळें झालें आहे ते परततात दम लागून. लोणचें, पापड, खारे शेंगदाणे यांतील मीठ अंगांत पाणी धरून ठेवतें. दररोज सकाळीं वजन करावें. तीन दिवसांत दोन किलो वाढलें तर तें पाणीच समजावें.

कित्येकांच्या छातींतील कळ पित्ताची किंवा निव्वळ भीतीची निघते. पण हा निवाडा घरीं करूं नये. कळ थांबत नसेल तर 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी, आणि पुण्याहून मिळालेला सुटीचा कागद पेटींत न ठेवतां सोबत घ्यावा. जाळी केव्हां बसविली व कोणत्या गोळ्या चालू आहेत, हें शिरूरच्या किंवा दौंडच्या डॉक्टरास त्यावरूनच कळतें.