दोन स्पीकर, एक पेटी

सबवूफरच्या पेटीला पुढून गोल भोक दिसते. आतली हवा बाहेर पडायला ते ठेवले असावे, असे पुष्कळांना वाटते. प्रत्यक्षात त्या भोकामागच्या पाइपातली, म्हणजे पोर्टमधली, हवा स्वतः वाजते. रिकाम्या बाटलीच्या तोंडाशी फुंकर घातली की जो स्वर घुमतो, त्याचे आणि पोर्टच्या बेसचे गणित एकच. हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने ते एकोणिसाव्या शतकात मांडले. अमेरिकेत बेल लॅबोरेटरीजच्या आल्बर्ट थुरासला अशा पेटीचे पेटंट 1932 मध्ये मिळाले. मापे मात्र बराच काळ अंदाजानेच ठरत. 1961 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या नेव्हिल थील यांनी त्याची नीट पद्धत लिहून काढली, पण अमेरिकेतल्या ऑडिओ इंजिनिअरांच्या नियतकालिकात तो निबंध पुन्हा छापून यायला 1971 उजाडले. पुढे रिचर्ड स्मॉल यांनी ते काम वाढवले. आज प्रत्येक चांगल्या स्पीकरच्या कागदावर छापलेले आकडे या दोघांच्या नावाने ओळखले जातात.

एका पेटीत दोन स्पीकर बसवताना घोळ होतो तो पोर्टपाशी. दोन्ही स्पीकर एकाच मॉडेलचे हवेत, हे पहिले. एकाला 60 लिटर हवा लागत असेल तर दोघांना 120. इथवर सगळे बरोबर करतात. पाइप मात्र एकाचाच ठेवतात. पेटी दुप्पट आणि पाइप तोच, म्हणजे 35 हर्ट्झला ट्यून केलेली पेटी थेट 25च्या आसपास घसरते. शिवाय दोन कोनांनी ढकललेली हवा एकाच नळीतून जाते. तिचा वेग सेकंदाला साधारण 17 मीटरच्या पुढे गेला की बेसबरोबर फुसफुस ऐकू येऊ लागते.

म्हणून पोर्टही दोन घ्यावेत. 120 लिटर, 35 हर्ट्झ आणि आतून 10 सेंटिमीटर व्यासाचे दोन पाइप धरले, तर प्रत्येकाची लांबी सुमारे साडेचोवीस सेंटिमीटर येते. टोकांपाशी पाइपाबाहेरची थोडी हवाही सोबत हलते, तो हिशेब यात धरला आहे. हे 120 लिटर निव्वळ हवेचे. पाइप, स्पीकरचे चुंबक आणि आधाराच्या पट्ट्या जेवढी जागा खातात तेवढी वर मिळवावी लागते. पेटी सहज 130-135 लिटरपर्यंत जाते.

मधोमध फळी घालून दोन खण करावेत, असे माझे ठाम मत आहे. प्रत्येक खणात 60 लिटर आणि एक पाइप, त्यामुळे ट्यूनिंग बदलत नाही. सामाईक पेटीत एका स्पीकरची कॉइल जळली, तर त्याचा मेलेला कोन दुसऱ्याच्या दाबाने हलत राहतो आणि चालू स्पीकरचे सगळे गणित बिघडते. फळीने पेटीला ताठपणा येतो तो वेगळाच.

8 ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले की 4 ओहम होतात. तेवढा भार अ‍ॅम्प्लिफायरला झेपतो का, ते आधी पाहावे. ट्यूनिंगच्या खाली कोनामागचा हवेचा आधार सुटतो आणि तो बेफाम हलू लागतो, म्हणून त्याखालचे स्वर कापणारा फिल्टर लावलाच पाहिजे.

पाइप सुरुवातीला दोन-तीन सेंटिमीटर लांबच ठेवावेत. पेटी बंद करून, हलक्या आवाजात, एकेका हर्ट्झचा सलग सूर वाजवत कोनाकडे बघावे. ज्या स्वराला पोर्टमधून जोराची हवा येते पण कोन जवळजवळ थांबलेला दिसतो, तेच त्या पेटीचे ट्यूनिंग. ते ठरवल्यापेक्षा खाली असेल तर दोन्ही पाइप सारखेच, थोडेथोडे कापत वर आणावे.