चार मीटरांची चाल

हृदयाची शक्ती खालावलेल्या वृद्ध माणसाची परीक्षा कोठे सुरू होते असे विचारले, तर आपल्यापैकी बहुतेक जण यंत्राकडे बोट दाखवतील. टूडी इकोच्या कागदावर ‘पंपिंग’ किती टक्के लिहिले आहे हे आधी विचारण्याची आता वहिवाटच पडली आहे, आणि रुग्णाचे नातेवाईक तो आकडा तोंडपाठ ठेवतात. परंतु एका सार्वजनिक रुग्णालयाच्या हृदयविकार विभागात कोपऱ्यातल्या बाकावर बसून हे काम मी पाहिले तेव्हा ध्यानात आले, की तेथील अनुभवी डॉक्टरीणबाईंची तपासणी तो कागद उघडण्यापूर्वीच सुरू झालेली असे. दारातून खुर्चीपर्यंत येताना रुग्णाने भिंतीचा आधार घेतला की नाही, बसताना देह सावरून बसवला की एकदम टाकून दिला, आणि धाप निवल्यावर पहिल्या प्रश्नाचे उत्तर त्याने स्वतः दिले की त्याच्या वतीने मुलाने दिले, एवढे त्या अबोलपणे टिपून घेत.

मग बाहेरच्या ओवरीत जायचे. तेथे फरशीवर चार मीटरांचे अंतर चिकटपट्टीने आखलेले असे, आणि फिजिओथेरपीच्या तरुण बाई हाती घड्याळ घेऊन सांगत, “आजी, रोज चालता तशाच चाला, घाई करू नका.” काठी वापरणाऱ्याने काठीसह चालायचे, दोन खेपा करायच्या आणि त्यांतली बरी खेप धरायची. हे अंतर तोडायला पाच सेकंदांहून अधिक वेळ लागला, म्हणजे सेकंदाला 0.8 मीटर एवढीही गती राहिली नाही, तर त्या माणसाच्या पुढील वाटचालीविषयी सावध व्हावे, असा जगभरच्या वृद्धचिकित्सेचा अनुभव आहे. एका आजींनी दवाखान्याच्या अदबीने चपला दाराबाहेरच काढून ठेवल्या होत्या आणि गुळगुळीत फरशीवर त्या अनवाणी, जपून पावले टाकीत होत्या. तेव्हा बाईंनी घड्याळ थांबवले, चपला आणवल्या आणि पुन्हा पहिल्या रेषेपासून चालायला लावले. मापन इतके साधे असले तरी त्यात एवढी दक्षता लागते, कारण पुढच्या उपचारांची आणि शस्त्रक्रियेविषयीची मसलत त्या आकड्यावरही अवलंबून असते.

त्यानंतर हाताची पकड. कोपर काटकोनात ठेवून मापकाची मूठ होईल तेवढ्या जोराने आवळायची. आशियाई तज्ज्ञांनी 2019 साली ठरवलेल्या निकषांप्रमाणे पुरुषाच्या हाताने 28 किलोपेक्षा आणि स्त्रीच्या हाताने 18 किलोपेक्षा कमी जोर दाखवला तर स्नायुबल घटले असे समजतात. शेवटी हात छातीवर बांधून खुर्चीतून पाच वेळा उठायचे. येथे मात्र परीक्षकाला तारतम्य ठेवावे लागते, कारण जन्मभर जमिनीवर मांडी घालून बसलेल्या आणि शेतात उकिडवे बसून खुरपणी केलेल्या माणसाचे गुडघे अनेकदा आधीच झिजलेले असतात. तो उठू शकला नाही तर दोष हृदयाचा, स्नायूंचा की सांध्यांचा, हा विवेक घड्याळ करीत नाही.

लिंडा फ्राइड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत 65 वर्षांवरील पाच हजारांहून अधिक व्यक्तींच्या निरीक्षणावरून 2001 साली दुर्बलतेची, म्हणजे शरीराची राखीव ताकद आटल्याच्या अवस्थेची, जी पाच लक्षणे निश्चित केली, त्यांत मंद गती आणि क्षीण पकड यांच्या जोडीला नकळत घटलेले वजन, सततचा थकवा आणि मंदावलेले चलनवलन ही येतात. पाचांपैकी तीन आढळली तर तो माणूस दुर्बल, एक किंवा दोन आढळली तर त्या उंबरठ्यावर. पण हृदयाच्या रोग्याच्या बाबतीत या लक्षणांची फार गुंतागुंत होते. थकवा हा तर हृदयरोगाचाच सोबती. आणि वजन? आतड्यांना सूज आल्याने भूक मंदावते, खाल्लेले अंगी लागत नाही, मांड्यांचे आणि दंडांचे मांस झडत जाते. पण त्याच वेळी पायांत आणि पोटात पाणी साठत राहिल्यामुळे काट्यावरचा आकडा जागचा हलत नाही, उलट कधी वाढतोसुद्धा. “आईचं वजन तर बरं आहे,” असे समाधानाने सांगणाऱ्या मुलाला डॉक्टरीणबाईंनी आईच्या मनगटावरून सैल होऊन कोपराकडे घसरणाऱ्या बांगड्या दाखवल्या, आणि लघवीच्या गोळ्यांनी पाणी उतरल्यावरचे वजन स्वतंत्रपणे नोंदवण्याची ताकीद परिचारिकेला दिली. दुर्बलता मोजण्याच्या या शास्त्रातले सर्वांत नाजूक काम मला हेच वाटले.

कॅनडातील केनेथ रॉकवुड यांची रीत निराळी. त्यांनी 2005 साली मांडलेल्या आणि पुढे नऊ पायऱ्यांपर्यंत वाढवलेल्या मोजपट्टीत, आजार बळावण्याच्या सुमारे पंधरा दिवस आधी माणूस घरात काय काय करीत होता, याची जबानी घेतात. ही मुदत महत्त्वाची आहे, कारण धाप लागून खाटेवर पडलेला प्रत्येक जण दुर्बलच दिसतो. परंतु पैसे कोण सांभाळतो, स्वयंपाक कोण करतो, या प्रश्नांचा आपल्या घरांत अर्थ बदलतो. ज्या गृहस्थाने आयुष्यात चुलीपुढे पाऊल ठेवले नाही त्याला भाकरी थापता येत नाही, म्हणून तो दुर्बल ठरत नाही. आणि सुनेने मायेने हातातली सगळी कामे काढून घेतलेल्या सासूबाई धडधाकट असूनही परावलंबी दिसतात. म्हणून येथे प्रश्न असे विचारतात: देवपूजेचे पाणी कोण भरते, रात्री उठून मोरीपर्यंत एकट्याने जाता का, गोळ्यांची पुडी कोण उघडते.

या सगळ्याचा भवितव्याशी संबंध काय? हृदयाच्या अशक्ततेच्या रुग्णांवरील अनेक अभ्यास एकत्र करून 2017 साली जो आढावा घेण्यात आला, त्यात सुमारे 44 टक्के रुग्ण दुर्बल आढळले, आणि विशेष हे, की ते प्रमाण केवळ वयाबरोबर वाढत जात नव्हते. ही गोष्ट आपण मनावर घेतली पाहिजे, कारण 2013 साली त्रिवेंद्रमच्या हृदय-अशक्ततेच्या नोंदवहीत आलेल्या 1205 रुग्णांचे सरासरी वय अवघे 61 होते. दुर्बलता शोधायला पंचाहत्तरीची वाट पाहणे आपल्याला परवडणारे नाही. दुर्बल रुग्णांमध्ये मृत्यूचा आणि पुन्हा रुग्णालयात दाखल व्हावे लागण्याचा धोका सुमारे दीडपट असतो, असे 2018 साली प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित विश्लेषणाने दाखवले. शरीराच्या खात्यातली शिल्लक संपत आलेली असली म्हणजे एरवी सहज सोसला गेला असता असा साधा ताप किंवा न्यूमोनियाही ओढून नेतो.

मात्र या दीडपटीचा अर्थ ‘आता काही करण्यात हशील नाही’ असा घेतला जातो, तेव्हा मला राग येतो. हृदयाच्या अशक्ततेवरील डापाग्लिफ्लोझिन या औषधाच्या मोठ्या चाचणीचे 2022 साली जे पुनर्विश्लेषण झाले, त्यात अधिक दुर्बल रुग्णांनाही लाभ झाल्याचे दिसले. दुर्बल म्हणून औषध राखून ठेवणे हा त्यांच्यावर दुहेरी अन्याय होय. व्यायामाचीही तीच कथा. अमेरिकेत 60 वर्षांवरील 349 रुग्णांपैकी सुमारे निम्म्यांना रुग्णालयात असतानाच शक्ती, तोल, हालचाल आणि दम यांचे माणसागणिक बेतलेले प्रशिक्षण सुरू केले, तेव्हा तीन महिन्यांनी त्यांच्या शारीरिक क्षमतेचे गुण 12 पैकी 8.3 भरले, तर नेहमीच्या उपचारांवर असलेल्या उरलेल्यांचे 6.9 भरले. या 2021 साली जाहीर झालेल्या निष्कर्षात पुन्हा दाखल होण्याचे प्रमाण लक्षणीय घटले नव्हते हेही खरे, पण स्वतःच्या पायांनी उठता येणे ही सत्तरीतल्या माणसाला गौण गोष्ट वाटत नाही.

त्या चपलांच्या आजींच्या मुलाने अखेर तो प्रश्न केलाच: किती दिवस? डॉक्टरीणबाईंनी दुर्बलतेची पायरी, वर्षभरात काय काय संभवते आणि त्यातले किती टाळता येण्याजोगे आहे, हे न लपवता सांगितले, मग खुर्ची आजींकडे वळवून त्यांनाच विचारले, “आजी, तुम्हाला काय हवंय?” आजींना रात्री मोरीला जाताना सुनेला उठवावे लागू नये, एवढेच हवे होते. तेव्हा त्यांचा रक्तदाब निजलेल्या आणि उभ्या स्थितीत मोजला गेला, उभे राहताच तो उतरत असल्याचे दिसले, एका औषधाची मात्रा कमी झाली, खुर्चीतून उठण्याचा व्यायाम रोज सकाळी सांगितला गेला, आणि लघवीची दुसरी गोळी, जी घरात आजवर रात्रीच्या जेवणानंतर दिली जात होती, ती दुपारी तीनच्या आत द्यावी, असा शेरा कागदावर ठळक अक्षरांत लिहून सुनेकडून वाचून घेण्यात आला.