जमिनीखालचा कॉक आणि ९५ मिनिटं

ज्यांना हा भाग ऐकायला जमला नाही, त्यांच्यासाठी तो इथे लिहून देतोय.

९ सप्टेंबर २०१०. अमेरिकेत, कॅलिफोर्नियातलं सॅन ब्रुनो. संध्याकाळी सहाच्या सुमाराला वस्तीतली ३० इंची भूमिगत गॅसलाइन फुटली. आठ माणसं गेली, ३८ घरं जळून खाक झाली. लाइन फुटली ती पाइपाच्या सदोष वेल्डिंगमुळे. पण आग भडकत राहिली, कारण मागून गॅस येतच होता. तो थांबवायला ९५ मिनिटं लागली! व्हॉल्व्ह होते, पण माणसांनी तिथे जाऊन हातानं फिरवायचे.

आता हा व्हॉल्व्ह म्हणजे काय? तुमच्या घरी पाण्याच्या लाइनला दांडीवाला कॉक असतो ना, पाव फेरा दिला की बंद होणारा? तत्त्व तेच. आत भोक असलेला एक गोळा. भोक पाइपाच्या रेषेत आलं की गॅस वाहतो, गोळा ९० अंशांत फिरवला की वाट बंद. म्हणून नाव बॉल व्हॉल्व्ह.

साध्या मोठ्या व्हॉल्व्हचं अंग दोन-तीन तुकड्यांचं असतं. मध्ये गॅस्केट आणि बाहेरून नट-बोल्ट. कुकरची रिंग जुनी झाली की बाजूनं वाफ सुटते, बघितलंय ना? गॅस्केटचंही तसंच. त्यात मातीतली ओल बोल्टला गंज चढवते. वर असतं तर पाना घेऊन आवळता आलं असतं. जमिनीखाली काय करणार?

म्हणून तिथे ‘फुल्ली वेल्डेड’ व्हॉल्व्ह वापरतात. अंगाचे तुकडे कारखान्यातच एकमेकांना वेल्ड केलेले. बोल्ट नाही, त्यामुळे अंगाच्या जोडातून गळायची वाटच उरत नाही. दोन्ही टोकंही पाइपाला वेल्ड होतात. बाहेरून गंजरोधक लेप. फिरवायची दांडी लांब करून जमिनीवर आणलेली, सील करायचं ग्रीस भरायच्या नळ्याही वर.

पण एक गोम आहे. हा व्हॉल्व्ह उघडून दुरुस्त करता येत नाही. आतलं काही बिघडलं, तर खोदा आणि पाइप कापा. म्हणून पुरण्याआधीच त्याची कसून परीक्षा होते. त्याच्या ठरलेल्या दाबाच्या दीडपट दाबाचं पाणी भरून अंग तपासतात. गोळा बंद ठेवून, पलीकडे गळत नाही ना, तेही वेगळं बघतात.

आणि एवढं करूनही, फिरवणारा वेळेवर पोचला नाही तर? सॅन ब्रुनोनं शिकवलं ते हेच. २०२२ मध्ये अमेरिकेनं नियम केला: सहा इंच किंवा त्याहून मोठ्या बहुतेक नव्या लाइनवर दुरून किंवा आपोआप बंद होणारे व्हॉल्व्ह हवेत. लाइन फुटल्याचं लक्षात आल्यापासून ३० मिनिटांच्या आत ते बंद झाले पाहिजेत.

वर्षानुवर्षं मातीत गप्प पडून राहायचं आणि एका दिवशी, एका पाव फेऱ्यात, न चुकता बंद व्हायचं. या व्हॉल्व्हची नोकरी तेवढीच. पण तो फेरा देणारं कुणी तरी हवं. माणूस नाही तर मोटर!

चला, पुढच्या भागात भेटू. काळजी घ्या!