गुपित संपलं की किट निघतं

पाणबुडीच्या किटचा डबा उघडला की पहिल्यांदा जरा फसवल्यासारखंच वाटतं. डब्यावर उसळत्या लाटा फोडून वर येणारं काळंकभिन्न धूड, आणि आत प्लास्टिकचे दोन लांबट अर्धे, पाठीवरच्या फिनचे दोन तुकडे, पंखा, सुकाणूच्या पट्ट्या, एक स्टँड आणि डिकलचा, म्हणजे चिकटवायच्या खुणांचा, इवलासा कागद. विमानाला कॉकपिट असतं, रणगाड्याला चाकं आणि पट्टे असतात. इथे तासाभरात सगळं चिकटवून होईल असं वाटतं. बालाघाट जिल्ह्यातल्या किरनापुरात माझ्या टेबलावर ठेवलेले ते दोन अर्धे बघून शेजारच्या पोराने विचारलं, "काकाजी, हे पाण्यात बुडते का जी?"

"बुडते ना बाबू. वर मात्र येत नाही."

तासाभराचं काम महिनाभर चालतं, कारण पाणबुडीला लपवाछपवी चालत नाही. दोन अर्धे जोडले की नाकापासून शेपटीपर्यंत एक सांधा राहतो. विमानात असा सांधा पंखांखाली, दारांखाली दडतो. पाणबुडीचं अंग गुळगुळीत, त्यामुळे केसाएवढी फटसुद्धा काळ्या रंगाखाली उठून दिसते. पुट्टी भरा, वाळू द्या, पाण्याच्या कागदाने घासा, प्रायमर मारा, आडव्या उजेडात बघा, पुन्हा भरा. परदेशी पुट्टी आणि रंग मागवणं महागात पडतं, आणि ज्वलनशील म्हणून रंग विमानाने सहज येतही नाहीत. मग आपल्याकडचे लोक एम-सील वापरतात, फेव्हीक्विक वापरतात, मोटारींच्या सामानाच्या दुकानातला प्रायमरचा स्प्रे आणतात. काळा रंग कॅम्लिनचा. तो थेट डबीतला काळा लावला तर मॉडेल खेळणं दिसतं, त्यात थोडा पांढरा नि कणभर निळा टाकावा लागतो. वस्तू लहान झाली की तिचा रंगही फिकट करावा लागतो, हे या छंदातलं जुनं शहाणपण.

हात बसला की खरा प्रश्न समोर येतो. बनवायचं कशाबरहुकूम? पाणबुडी हे दिसू नये म्हणून बांधलेलं जहाज, आणि मॉडेल बनवणाऱ्याला तर सगळं बघायचं असतं. पाण्यावर आलेल्या पाणबुडीचा फार तर वरचा पट्टा दिसतो. बाकीचा भाग दिसायचा तर ती कोरड्या गोदीत असावी लागते, आणि तिथे कॅमेरा नेऊ देत नाहीत. पंख्याची तर बातच सोडा. पंख्याच्या पात्यांचा बाक कसा आहे यावर पाण्याखाली किती आवाज होणार हे ठरतं, आणि आवाजावरूनच शत्रू पाणबुडी ओळखतो. म्हणून जगभरच्या गोद्यांत जलावतरणाच्या दिवशीसुद्धा पंखा बहुधा कापडाखाली झाकलेला असतो.

या ओढाताणीचा सगळ्यात गाजलेला किस्सा अमेरिकेतला. अमेरिकी नौदलाला अणुपाणबुड्या देणारे ॲडमिरल हायमन रिकओव्हर यांनी १९६१ साली तिथल्या संसदीय समितीपुढे पोलॅरिस क्षेपणास्त्रं वाहणाऱ्या पाणबुडीच्या प्लास्टिक किटबद्दल तक्रार केली. किटमध्ये आतले कप्पेसुद्धा दाखवले होते आणि किंमत होती २ डॉलर ९८ सेंट. एवढ्या पैशांत रशियाला लाखो डॉलरची माहिती घरपोच मिळते आहे, असा त्यांचा संताप होता. त्या काळात किट कंपन्यांना याहून मोठी जाहिरात मिळाली नसेल. त्यानंतर आणखी किती पोरांनी बापाकडे पैशांसाठी हट्ट धरला असेल याचा आपण अंदाजच करावा.

म्हणून माझा एक साधा हिशेब आहे: ज्या पाणबुडीचं किट अगदी चोख मिळतं, तिचं गुपित कधीच संपलेलं असतं. ती हरलेली असते, बुडालेली असते, भंगारात गेलेली असते किंवा संग्रहालयात तिकीट लावून उभी असते.

सगळ्यात चोख किट म्हणजे दुसऱ्या महायुद्धातली जर्मन टाइप सात-सी. अशा पाचशेहून जास्त पाणबुड्या बांधल्या गेल्या. त्या घराण्यातली यू-९९५ ही एकच आज शाबूत आहे, कीलजवळच्या लाबो गावच्या किनाऱ्यावर १९७२ पासून लोकांसाठी उघडी. टेप घेऊन जा आणि मोजा. रेव्हेलने तिचं १/७२ प्रमाणातलं किट काढलं, ते जवळपास ९३ सेंटिमीटर भरतं. किरनापुरातल्या कुठल्याही कपाटात मावणार नाही. याच कीलमध्ये होवाल्ड्सवेर्केच्या गोदीत पुढे आपल्या 'शिशुमार' आणि 'शंकुश' बांधल्या गेल्या, १९८६ मध्ये नौदलात आल्या. त्यांच्या जोडीच्या 'शल्की' (१९९२) आणि 'शंकुल' (१९९४) मुंबईच्या माझगाव गोदीत तयार झाल्या. मुंबईत बांधलेल्या या पहिल्या पाणबुड्या. त्यांच्यात सगळे चाळीस खलाशी एकदम बसून पाण्यावर येऊ शकतील असा बचावगोळा आहे. मॉडेलमध्ये त्याचा मागमूसही उमटत नाही.

भारतीय नौदलाची पहिली पाणबुडी मात्र रशियन. 'कलवरी' ८ डिसेंबर १९६७ रोजी रीगा बंदरात दाखल झाली, म्हणून तो आपला पाणबुडी दिन. नाटोच्या भाषेत ही फॉक्सट्रॉट. ९१.३ मीटर लांब, मागे तीन पंखे, पुढे सहा आणि मागे चार टॉर्पेडो नळ्या, बावीस टॉर्पेडो, पंचाहत्तर माणसं. १/३५० प्रमाणात ती २६ सेंटिमीटरची होते, शाळेच्या पट्टीपेक्षा जरा आखूड. अशा आठ आपण घेतल्या. युक्रेनमधल्या मिक्रोमिरसारख्या छोट्या कंपन्या रशियन पाणबुड्यांची किटं हौसेने काढतात, आणि फॉक्सट्रॉट हा त्यांतला जाणकारांचा लाडका विषय.

फॉक्सट्रॉट बनवायला घ्या, म्हणजे पाणबुडी बुडते कशी हे कुठल्याही पुस्तकापेक्षा चांगलं कळतं. तिच्या कुशीवर नाकापासून शेपटीपर्यंत लहान भोकांच्या रांगा आहेत. माणसं राहतात ते जाड पोलादी नळकांडं आत, आणि बाहेर दिसते ती पातळ कातडी. दोन्हींच्या मधल्या जागेत समुद्र मोकळा ये-जा करतो. तिथेच असलेल्या टाक्यांच्या वरच्या झडपा उघडल्या की हवा निघून जाते, खालून पाणी शिरतं आणि जहाज खाली जातं. वर यायचं तर दाबलेली हवा सोडून पाणी हाकलायचं. ती वर आली की मधल्या जागेतलं पाणी या भोकांतून धो-धो वाहतं. किटमध्ये भोकं बहुधा खळग्यांसारखी असतात, आरपार नसतात. हौशी माणूस बारीक ड्रिलने एकेक उघडतो आणि चिकटवण्याआधी आतून काळा रंग देतो, नाहीतर उजेडात प्लास्टिकचा राखाडी रंग आतून डोकावतो. दोन्ही बाजूंची भोकं उघडेस्तोवर मान अवघडते. पण त्यांतून पलीकडचा उजेड दिसायला लागला की त्या प्लास्टिकला खोली येते.

याच आकाराची सोव्हिएत बी-५९ ऑक्टोबर १९६२ मध्ये क्यूबाजवळ अमेरिकी युद्धनौकांनी घेरली होती. आत अण्वस्त्र बसवलेला टॉर्पेडो होता. तो डागायला वासिली अर्खिपोव्ह या अधिकाऱ्याने विरोध केला आणि टॉर्पेडो सुटला नाही. डबा तोच, डिकल वेगळं लावलं की बी-५९ होते किंवा आपली 'कुरसुरा'.

'कुरसुरा' बघायला आपल्या भागातून फार लांब जावं लागत नाही. गोंदियाला समता एक्सप्रेस धरली की विशाखापट्टणम. १९६९ ला नौदलात आलेली आणि २००१ ला निवृत्त झालेली ही पाणबुडी ओढून तिथल्या रामकृष्ण बीचवर उभी केली आहे, २००२ पासून लोक आत जातात. बाहेरून ९१ मीटरचा अजस्र देह, आत एकावेळी एकच माणूस वाकून जाईल अशी गोल दारं. मॉडेल करणाऱ्याने मात्र बाहेर जास्त वेळ घालवावा, पोट बघावं, सांधे बघावेत, गंज कुठून ओघळलाय ते बघावं. मी सोबतच्यांना आत पाठवून बाहेरच रेंगाळलो. कुटुंबाला ते पटलं नाही.

१९७१ च्या युद्धात गाजलेल्या दोन पाणबुड्या पाकिस्तानच्या. 'गाझी' ही मूळची अमेरिकी 'डायब्लो', विशाखापट्टणमच्या तोंडाशी बुडाली, ती आजही तिथेच तळाशी आहे. 'हंगोर' फ्रेंच बनावटीची, तिने ९ डिसेंबरला आपली 'खुकरी' ही युद्धनौका बुडवली. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला, १७ अधिकारी आणि १७६ खलाशी गेले. दीवला समुद्राकडे तोंड करून असलेल्या टेकडीवर 'खुकरी'चं मॉडेल काचेच्या घरात ठेवलंय. मॉडेलं पोरखेळ आहेत असं म्हणणाऱ्याने एकदा तिथे जाऊन यावं.

बालाघाटचा आणि पाणबुड्यांचा संबंध काय, असं कुणी विचारलं तर माझ्याकडे उत्तर तयार असतं: मँगनीज. आमच्या जिल्ह्यातली भरवेलीची भूमिगत खाण आशियातली सगळ्यात खोल मँगनीज खाण म्हणून ओळखली जाते, तिचा कारभार नागपूरहून मॉइल ही कंपनी बघते. मँगनीजशिवाय पोलाद होत नाही, हे तर झालंच. पण खरी गंमत पुढे आहे. मार्च १९६८ मध्ये सोव्हिएत पाणबुडी के-१२९ हवाईच्या वायव्येला, जवळपास पाच किलोमीटर खोल पाण्यात बुडाली. रशियाला ती सापडली नाही, अमेरिकेला सापडली. मग सीआयएने ती गुपचूप उचलण्यासाठी 'ह्यूज ग्लोमर एक्सप्लोरर' नावाचं प्रचंड जहाज बांधलं. एवढं मोठं जहाज मधसमुद्रात काय करतंय, याला जगाला उत्तर हवं होतं. उत्तर ठरलं की अब्जाधीश हॉवर्ड ह्यूज समुद्रतळावरचे मँगनीजचे गोटे काढायला निघालाय. १९७४ च्या उन्हाळ्यात पोलादी पंजाने पाणबुडी उचलली, पण वाटेतच तिचे तुकडे झाले आणि पुढचा थोडा भाग तेवढा हाती लागला. १९७५ मध्ये वर्तमानपत्रांनी भांडं फोडलं. मँगनीजसाठी जन्मभर घाम गाळणाऱ्या भरवेलीच्या खाणकामगारांना ही थाप ऐकवली तर ते पोट धरून हसतील.

के-१२९ च्या जातीचीही किटं निघतात. गुपित गेलं, डबा आला.

जिचं गुपित अजून जिवंत आहे तिचं काय? माझगाव गोदी आणि फ्रेंच कंपनी यांच्यात २००५ मध्ये सहा स्कॉर्पिन पाणबुड्यांचा करार झाला. पहिली 'कलवरी' १४ डिसेंबर २०१७ ला नौदलात आली, सहावी 'वाघशीर' जानेवारी २०२५ मध्ये. सहाही नावं जुन्या फॉक्सट्रॉटची. दुसरी 'खांदेरी' १२ जानेवारी २०१७ ला पाण्यात उतरली, तेव्हा संरक्षण राज्यमंत्री असलेले धुळ्याचे सुभाष भामरे हजर होते, आणि सप्टेंबर २०१९ ला ती नौदलात आली. नाव मराठी माणसाच्या काळजातलं. १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी थळसमोरच्या या बेटावर किल्ला बांधायला घेतला आणि मुंबईचे इंग्रज आडवे आले. त्यांची जहाजं मोठी, तोफा मोठ्या. मराठ्यांच्या लहान होड्या रात्री उथळ पाण्यातून वल्ही मारत रसद पोचवत राहिल्या आणि इंग्रजांच्या हाती लागल्या नाहीत. दौलतखान आणि मायनाक भंडारी यांनी बेट सोडलं नाही. पाणबुडीला याहून साजेसं नाव शोधूनही सापडलं नसतं.

खरी पाणबुडीसुद्धा किटसारखीच तुकड्यांत बांधतात. नळकांड्याचे भाग वेगवेगळे तयार करायचे, यंत्रं चौकटींवर रचून आत सरकवायची आणि मग भाग एकमेकांना वेल्ड करायचे. फरक इतकाच की तिथला सांधा चुकला तर पुट्टी चालत नाही. ऑगस्ट २०१६ मध्ये या पाणबुड्यांची २२,४०० पानांची कागदपत्रं फुटल्याची बातमी एका ऑस्ट्रेलियन दैनिकाने दिली, तेव्हा रिकओव्हरसाहेबांची फार आठवण झाली. त्यांना २ डॉलर ९८ सेंटचा डबा सतावत होता.

नव्या 'कलवरी'चे जाहीर आकडे मात्र सगळ्यांना मिळतात: लांबी ६७.५ मीटर, रुंदी ६.२ मीटर, पृष्ठभागावरचं वजन सुमारे १,६१५ टन. हे वाचून मी जुन्या टाइप सात-सीचे आकडे शेजारी मांडले. लांबी ६७.१, रुंदी ६.२. जवळपास जुळी भावंडं! वजन मात्र जुनीचं ७६९ टन, म्हणजे निम्म्याहून कमी. जर्मन पाणबुडी हे कधीमधी बुडी मारणारं जहाज होतं, आतलं नळकांडं सडपातळ आणि बाहेरून लाटा कापायला डेक नि टाक्या. 'कलवरी' पाण्याखालीच राहायला बांधलेली, तिचं सगळं अंग म्हणजेच नळकांडं. दोन आकृत्या एकावर एक ठेवल्या की पाऊणशे वर्षांचा प्रवास दिसतो.

'कलवरी' नळकांडंच आहे म्हटल्यावर किटची वाट कशाला बघायची? १/१०० प्रमाणात तिची रुंदी येते ६२ मिलिमीटर, आणि शेतीच्या सामानाच्या दुकानात पाण्याचा पीव्हीसी पाइप मिळतो ६३ मिलिमीटरचा. किरनापुरातल्या कुठल्याही शेतकऱ्याच्या गोठ्यामागे त्याचा तुकडा पडलेला असतो. नाक-शेपटी धरून साडेसदुसष्ट सेंटिमीटर भरेल इतका कापायचा. नाकाला एंड कॅप आणि त्यावर एम-सीलचा गोलावा, शेपटीला लाकडाचा निमुळता कोन, फिनला जाड प्लास्टिकची पट्टी. आकडे वर्तमानपत्रातले, आकार जलावतरणाच्या फोटोंतला.

पंख्यापाशी आलो आणि थांबलो. सात पाती करावीत की आणखी काही, बाक किती द्यावा, कळेना. शेवटी जुन्या धोतराचा चौकोनी तुकडा फेव्हिकॉलच्या पाण्यात बुडवून पंख्याच्या जागी घट्ट लपेटला. नौदलाने आजवर हरकत घेतलेली नाही.